कोल्हापुरात बेडरूमसाठी जुने अक्रोडी फर्निचर घेताना

राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटची बेडरूम जुन्या लाकडी सामानाने सजवायची असे ठरवून मी दीड वर्ष कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि मुंबई अशी हिंडले. मला हवे होते ते साधारण १९४५ ते १९७० या काळातल्या घडणीचे सामान, ज्याला आता मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात: जमिनीपासून वर उचललेले, निमुळत्या आणि किंचित तिरक्या पायांचे, नक्षीकाम नसलेले, आणि शक्य झाल्यास अक्रोडाच्या लाकडाचे. या दीड वर्षात मी एक ड्रेसिंग टेबल चुकीच्या नावाने घेतले, एक कपाट पूर्णपणे चुकीचे घेतले आणि शेवटी एक संच बरोबर घेतला. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांनी पहिल्या दोन चुका टाळाव्यात, यासाठी हे लिहीत आहे.

१. अक्रोडाचे लाकूड हवे आहे की अक्रोडाचा रंग, हे आधी ठरवा

दुकानात ‘वॉलनट’ हा शब्द ऐकू आला की शंभरातल्या बहुतेक वेळा तो रंगाचा शब्द असतो, लाकडाचा नव्हे. सनमायकाच्या कॅटलॉगमध्ये वॉलनट असतो, पॉलिशवाल्याच्या डब्यात वॉलनट असतो, आणि आंब्याच्या किंवा शिसमच्या नव्या पलंगावर तोच रंग चढवून त्यालाही वॉलनट म्हटले जाते. खरे अक्रोडाचे लाकूड आपल्याकडे दोन वाटांनी येते. एक काश्मिरी अक्रोड, जो प्रामुख्याने कोरीव कामासाठी वापरला जातो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या नक्षीदार पेट्या आणि टेबले सुंदर असतात, पण साध्या सपाट घडणीच्या शोधात असणाऱ्यांच्या उपयोगाच्या नसतात. दुसरा अमेरिकी काळा अक्रोड, ज्याचे लाकूड चॉकलेटी असते आणि ज्याने त्या काळातले अमेरिकी बेडरूम संच घडले. असा संच कोल्हापुरात सापडलाच तर तो परदेशातून परतलेल्या एखाद्या कुटुंबाने पन्नास-साठ वर्षांपूर्वी बोटीने आणलेला असण्याची शक्यता अधिक.

त्या काळात आपल्या सुतारांनी त्याच धाटणीचे जे सामान केले, ते सागाचे किंवा शिसवीचे आहे. ते कोल्हापुरात जुन्या बंगल्यांत आजही मिळते, टिकाऊ असते आणि त्याची दुरुस्ती करणारे हात इथेच आहेत. तुम्हाला त्या घडणीचे वेड असेल तर जुना साग घ्या आणि समाधानाने झोपा. अक्रोडच हवा असेल तर थांबण्याची तयारी ठेवा.

माझे ड्रेसिंग टेबल मी ११,००० रुपयांना घेतले, तेव्हा विकणाऱ्याने “अस्सल अक्रोड हाय ताई, परदेशी माल” असे छातीठोकपणे सांगितले होते. घरी आमच्या मेस्त्रींनी त्याचा खण बाहेर काढला, उलटा केला, खालच्या बाजूने पटाशीने नखाएवढा ओरखडा काढला आणि नाकाशी नेला. “वैनी, ह्यो साग हाय. अक्रोड न्हवं, अक्रोडाचा रंग हाय.” त्या ओरखड्यातून कमावलेल्या चामड्यासारखा तेलकट वास येत होता; तो सागाचा वास एकदा ओळखीचा झाला की पुन्हा विसरत नाही. टेबल वाईट नव्हते. सागाच्या भावात मिळाले असते तर उत्तमच होते.

२. खोली मोजा, आणि जिनाही मोजा

त्या काळातले अमेरिकी डबल पलंग बहुतांश ५४ इंच रुंद आणि ७५ इंच लांब गादीसाठी केलेले आहेत. आपल्याकडे दोघांसाठी तयार मिळणारी गादी सहसा ६० किंवा ७२ इंच रुंद असते. त्यामुळे पलंग पाहून भुलण्याआधी दोघांना साडेचार फुटांत झोपता येणार आहे का, याचा घरी स्पष्ट निर्णय घ्या. सागाच्या देशी पलंगांची मापे तर प्रत्येक घरागणिक निराळी असतात, आणि सहा फूट उंचीच्या माणसाचे पाय पायथ्याच्या फळीला टेकतात. गादी मापाप्रमाणे शिवून मिळते, त्यामुळे त्यासाठी पलंग सोडू नका. पण बाजूच्या पट्ट्या कापून किंवा जोडून पलंग मोठा करण्याचा सल्ला कोणी दिला तर मात्र ऐकू नका, कारण जोडाची जागा आयुष्यभर करकरते.

नऊ खणांचे लांब ड्रेसर, म्हणजे कपडे ठेवायचे खणांचे बैठे कपाट, साधारण सहा फूट लांबीचे असते आणि ते सुटे होत नाही. लिफ्टच्या आतली कर्णरेषा, जिन्याच्या वळणाची रुंदी आणि बेडरूमच्या दाराची उघडी जागा ही तिन्ही मापे कागदावर लिहून खिशात ठेवा.

३. कधी आणि कुठे शोधावे

सर्वांत चांगले सामान दुकानात पोहोचण्याआधीच घरातून जाते. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, शाहूपुरी या भागांतले जुने बंगले पाडून तिथे इमारती उभ्या राहत आहेत, आणि बंगला रिकामा होतानाच्या त्या एका महिन्यात खोलीभर सामान कवडीमोलाने जाते. त्यामुळे ओळखीचे सुतार, पॉलिशवाले, बिल्डरकडचे मुकादम आणि घरसामान हलवणारे टेम्पोवाले यांना तुम्ही नेमके काय शोधत आहात हे सांगून ठेवा, आणि शक्यतो फोनवर एक फोटो देऊन ठेवा, कारण ‘तिरक्या पायांचे’ एवढ्यावरून प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळे काहीतरी उभे राहते. माझा संच अशाच एका टेम्पोवाल्यामुळे मिळाला.

मुंबईत जोगेश्वरीजवळच्या ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात आणि चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर माल भरपूर आहे, पण तिथे जुन्या मालाशेजारीच जुन्यासारखा केलेला नवा मालही उभा असतो. पहिल्या खेपेला तिथे केवळ पाहायला जा, पैसे घरी ठेवून.

ऋतूचेही गणित आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात सहज, थोडा सैल सरकणारा खण आषाढात बरोबर बसतो. वैशाखातच घट्ट असलेला खण आषाढात हलत नाही. म्हणून शक्य असेल तर उन्हाळ्यात पाहणी करा. पितृपंधरवड्यात दुकानांत गिऱ्हाईक कमी असते आणि घासाघीस करायला विकणाऱ्यालाही वेळ असतो, हा माझा अनुभव आहे. अर्थात घरच्या ज्येष्ठांची समजूत तुमची तुम्हाला काढावी लागेल.

४. सोबत न्यायची साधने

मोजपट्टी, टॉर्च, लहान भिंग, लोहचुंबक, पांढरे सुती फडके, थोडे स्पिरिट, काळा कागद आणि एक सपाट पेचकस. यापलीकडे काही लागत नाही. लाकडातला ओलावा मोजणारे टाचण्यांचे यंत्र कोणाकडून उसने मिळाले तर अवश्य न्या.

५. वस्तू आधी खालून आणि मागून पाहा

समोरची बाजू पॉलिशवाल्याची असते. सुताराची खरी सही पाठीवर आणि तळाला असते. खण पूर्ण बाहेर काढा. पुढची फळी आणि बाजूची फळी यांचा जोड कबुतराच्या शेपटीसारख्या दातांचा, म्हणजे डवटेल असेल, तर काम काळजीने झालेले आहे. केवळ खिळे ठोकलेले असतील तर ते स्वस्त काम आहे किंवा नंतरची दुरुस्ती आहे. अमेरिकी सामानात बनवणाऱ्याचा शिक्का बहुधा वरच्या एखाद्या खणाच्या आत डागलेला किंवा पाठीवर छापलेला असतो. सर्व खणांच्या आतले लाकूड, त्याचा रंग आणि जोड सारखे आहेत का ते जुळवून पाहा. एक खण निराळा असेल तर तो दुसऱ्या वस्तूतून आणून बसवला आहे.

त्यानंतर व्हिनीअर. नवख्या माणसाला वाटते की व्हिनीअर म्हणजे फसवणूक. तसे नाही. त्या काळातले उत्तम अक्रोडी ड्रेसरसुद्धा सपाट भागांवर अक्रोडाचा पातळ पापुद्रा आणि पाय, कडा, मुठी यांना भरीव अक्रोड अशा रीतीने केलेले असते, आणि आतली लाकडे वेगळीच असतात. फळीच्या वरच्या पृष्ठावरचे रेषांचे वळण कडेवरून खाली उतरते का ते पाहा. उतरत असेल आणि कडेच्या कापात वलये दिसत असतील तर फळी भरीव आहे. कडेला पट्टी चिकटवलेली असेल तर व्हिनीअर आहे. व्हिनीअर असेल तर नखाने संपूर्ण पृष्ठभागावर टकटक करत जा. जिथे आवाज पोकळ येईल तिथे पापुद्रा सुटला आहे. जुन्या कामात सरस वापरलेला असेल तर ओलसर फडके ठेवून कोमट इस्त्री फिरवल्याने तो पुन्हा बसतो, त्यामुळे तळहाताएवढी पोकळी मी खपवून घेते. तडकून उडालेल्या तुकड्याला मात्र जोड द्यावा लागतो, आणि अक्रोडाचा जुळणारा तुकडा इथे सहज मिळत नाही.

अक्रोड ओळखण्याची एक खूण मला आमच्या संचाने शिकवली. बहुतेक लाकडे वर्षानुवर्षे उजेडात गडद होतात. अमेरिकी अक्रोड उलट फिकट, मधाळ होत जातो. आमच्या पलंगाशेजारच्या एका छोट्या कपाटाच्या माथ्यावर ताटलीएवढा गोल डाग आहे, भोवतालच्या लाकडापेक्षा स्पष्ट गडद. मूळ मालकांच्या घरी तिथे कित्येक वर्षे दिवा ठेवलेला होता, आणि त्याच्या बैठकीखाली मूळ रंग तसाच राहिला. मला तो डाग पॉलिशने घालवायला सांगणारे पुष्कळ भेटले. घालवला नाही. वजनाने मात्र फसू नका: अक्रोड घनमीटरला साधारण ६०० ते ६५० किलो भरतो आणि साग जवळपास तेवढाच, त्यामुळे या दोघांतला फरक उचलून कळत नाही. ८०० किलोच्या पुढे जाणारी शिसव मात्र उचलताच कळते.

पितळी मुठींना लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंडावर मुलामा आहे. आणि वरची फळी नखाला अगदी गुळगुळीत, थंड लागली, रेषांच्या बारीक खाचा कुठेच जाणवल्या नाहीत, तर ती अक्रोडाचे चित्र छापलेली, सनमायकासारखी फॉर्मायका असू शकते. १९६० च्या दशकातल्या अस्सल अमेरिकी संचांतही माथ्यावर फॉर्मायका असे, त्यामुळे तेवढ्यावरून बाकीची वस्तू खोटी ठरवू नका.

६. पुराचे पाणी लागलेले सामान ओळखा

हा टप्पा इतर शहरांतल्या सल्ल्यांत सापडणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि अनेक घरांतून कित्येक दिवस हलले नाही. २००५ आणि २०२१ मध्येही तेच झाले. त्या घरांतले जुने लाकूड फेकले गेले नाही. ते वाळवले, रंगवले आणि विकले गेले, आणि आजही फिरत आहे.

माझे चुकीचे कपाट त्यांपैकी एक. मी ते मे महिन्यात घेतले, तेव्हा त्याला नुकतेच गडद पॉलिश झालेले होते आणि ते आरशासारखे चमकत होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यावर गुडघ्याच्या उंचीला पांढुरकी पट्टी उमटली, चारही बाजूंनी एकाच उंचीवर, पाणसळ लावून आखल्यासारखी. मेस्त्रींनी सर्वांत खालचा खण काढून त्याच्या सरकपट्टीखाली पेचकस फिरवला, तेव्हा माशाच्या खवल्यांसारखी वाळलेली राखाडी माती फरशीवर पडली. सरस पाण्याने सुटलेला होता, पाठीची फळी पापडासारखी झाली होती आणि कुलपाच्या आत गंजाचा गोळा होता. विकणाऱ्याने पुराविषयी एक शब्द काढला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नव्हते.

तेव्हापासून मी चार गोष्टी पाहिल्याशिवाय विसार देत नाही. खालच्या खणाच्या सरकपट्ट्यांखाली आणि पायांच्या खाचांत गाळ आहे का. बिजागऱ्यांचे खालचे स्क्रू वरच्यांपेक्षा अधिक गंजलेले आहेत का. पाठीची फळी एका ठरावीक उंचीपर्यंत वेगळ्या रंगाची आहे का. आणि दारे पाच मिनिटे बंद ठेवून उघडल्यावर आत चिखलाचा, गोड कुबट वास येतो का. डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास येत असेल तर तो वास काय झाकतो आहे याची चौकशी करा. यंत्र सोबत असेल तर तळाच्या लाकडाचा ओलावा मोजा. तो २० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी लाकूड खाऊ शकते, आणि अशी वस्तू मी फुकटही घेणार नाही. ताजे, गडद, चकचकीत पॉलिश हे एरवी कौतुकाचे कारण असेल, पण इथे ते संशयाचे कारण आहे. मळकट, ओरखडलेले जुने पॉलिश मला अधिक प्रामाणिक वाटते.

७. वाळवी आणि भुंगा

वाळवी मातीच्या नळ्या सोडते, त्यामुळे दिसते. भुंगा दिसत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी भोके तेवढी दिसतात, आणि तीही जुनी की चालू हे कळत नाही. विकणाऱ्याच्या परवानगीने वस्तूखाली काळा कागद पसरून तीन-चार दिवसांनी परत जा. कागदावर पिठासारखी ताजी पूड पडलेली असेल तर कीड जिवंत आहे. अक्रोडाच्या गाभ्यापेक्षा त्याच्या कडेचे फिकट लाकूड भुंग्याला आवडते, म्हणून भोके तिथे शोधा. अशी वस्तू उपचार न करता घरात आणू नका, कारण किडीला तुमच्या खिडक्यांच्या चौकटीही तितक्याच आवडतात.

८. भाव, विसार आणि कागद

‘अँटिक’ या शब्दाचे पैसे देऊ नका. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे साधारणपणे शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. १९६० चा पलंग जुना आहे, एवढेच. नावांचेही पैसे देऊ नका. अक्रोडाच्या अखंड फळ्यांसाठी जगभर नावाजलेले अमेरिकी फर्निचर-कारागीर जॉर्ज नाकाशिमा १९३० च्या दशकाच्या अखेरीस पुदुच्चेरीत गोलकोंड वसतिगृहाच्या कामावर होते आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही आले होते, हे खरे आहे. पण त्या आधारावर कोणत्याही जाड फळीचा पलंग त्यांच्या हातचा ठरत नाही. ‘चंदीगडचा माल’ म्हणून काही दाखवले तर अधिकच सावध राहा, कारण तिथल्या सरकारी इमारतींसाठी १९५०-६० च्या दशकांत घडवलेल्या वारसा-फर्निचरच्या विक्रीविरुद्ध केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्येच आदेश दिलेले आहेत.

मागितलेल्या भावातून दुरुस्ती, पॉलिश, गादी आणि वाहतूक यांचा खर्च वजा करून तुमचा आकडा ठरवा, आणि पुढील कागद मागून घ्या:

– पावती: वस्तूचे नाव, नगांची संख्या, मापे, लाकडाचे नाव आणि ‘भरीव’ की ‘व्हिनीअर’ हे लिहिलेले. ‘अक्रोड’ हा शब्द तोंडी सांगणारा दुकानदार तो लिहायला कचरत असेल तर उत्तर मिळाले.
– विसाराची पोच: रक्कम, उरलेली रक्कम आणि उचलण्याची तारीख. ‘पाहिल्यासारखीच वस्तू द्यावी, नवे पॉलिश करू नये’ हे वाक्य त्यात घाला.
– नोंदणीकृत व्यापारी असेल तर जीएसटी बिल. बेळगावसारख्या राज्याबाहेरच्या ठिकाणाहून ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल येणार असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद), जे काढण्याची जबाबदारी दुकानदारावर टाका.
– घरातून घेत असाल तर वारसांची संमती.

शेवटच्या कागदाची गरज मला आधी पटत नव्हती. वडिलोपार्जित घरातले सामान एक भाऊ विकतो, दुसरा पुण्यात असतो आणि बहिणीला ते आईचे कपाट हवे असते. टेम्पो भरल्यावर सुरू होणाऱ्या भाऊबंदकीत तुमचे पैसे अडकतात. साध्या कागदावर सर्वांच्या सह्या, किंवा निदान सर्व भावंडांचा फोनवरचा लेखी होकार असल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमच्या संचाच्या वेळी थोरल्या बहिणीने होकार दिला तो एका अटीवर: खणात सापडलेली जुनी पत्रे तिला पोहोचती करायची. ती मी स्वतः नेऊन दिली.

९. घरी आणणे

छोट्या हत्तीत पलंग आणि दोन छोटी कपाटे बसतात; लांब ड्रेसरला मोठा टेम्पो लागतो. खण काढून वेगळे न्या, त्यांवर खडूने क्रमांक घाला, आरसा उभा ठेवा. ड्रेसर पायांवर ओढू देऊ नका. तिरके पाय ओढल्याने मुळातून उखडतात, आणि हमालांना हे तीनदा सांगावे लागते. सोसायटीला आदल्या दिवशी कळवा.

१०. पॉलिशची घाई करू नका

प्रथम नुसते पुसा. टर्पेंटाइन किंचित लावलेल्या पांढऱ्या फडक्याने साठ वर्षांचा मेणाचा आणि हातांचा मळ निघतो, आणि पुष्कळदा तेवढेच पुरते. पॉलिश करणे भागच असेल तर आधी मागच्या बाजूला स्पिरिटचा थेंब लावा. जागा चिकट झाली तर ते चपडा लाखेचे जुने फ्रेंच पॉलिश आहे आणि त्यावर तेच पुन्हा चढवता येते. घासण्याचे यंत्र व्हिनीअरच्या जवळ येऊ देऊ नका. पापुद्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, आणि कडेला एकदा आतले लाकूड दिसले की त्याला उपाय नाही.

लाखेचे पॉलिश जून ते सप्टेंबरमध्ये कोल्हापुरात करवून घेऊ नका, कारण दमट हवेत ते धुरकट, पांढरट होते. दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस आणि लग्नसराई या काळात चांगला पॉलिशवाला मिळत नाही, आणि मिळतो तो घाई करतो. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

पहिल्या पावसाळ्यात सामान भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा आणि पायांखाली रबराच्या चकत्या द्या. श्रावणात एखादा खण अडकेल, तेव्हा सरकपट्ट्यांवर मेणबत्ती घासा आणि तो अर्धा उघडा राहू द्या. रंधा मारायला सुतार बोलावू नका. दसऱ्यापर्यंत लाकूड आपल्या जागी येते, आणि तासलेले लाकूड उन्हाळ्यात खुळखुळते.